बस बंद का झाली?

पत्र, थोडक्यात: मुलगी साडेचार वर्षांची आहे. मी कामावरून घरी पोचतो तेव्हा तिच्या झोपेला जेमतेम दीड तास उरलेला असतो. तो वेळ वाया जाऊ नये म्हणून ठरवलं, की खेळता खेळता तिला शिकवायचं. 'प्रत्येक खेळ ही शिकण्याची संधी असते' असं पालकांसाठीच्या अनेक व्हिडिओंमध्ये ऐकलं होतं. ती ठोकळे खेळत असली की रंग विचारतो, जिना चढताना आकडे म्हणवून घेतो, चित्र काढत असली की आकारांची नावं विचारतो. उत्तर बरोबर आलं की भिंतीवरच्या तक्त्यावर एक चांदणी. सुरुवातीला तिला मजा वाटायची. गेल्या आठवड्यात तिने खुर्च्या ओळीने मांडून बस केली होती. बाहुल्या आणि अस्वलं प्रवासी, ती स्वतः कंडक्टर. मी विचारलं, "बसमध्ये किती जण आहेत? दोघं उतरले तर किती उरतील?" ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, बस बंद झाली." मग खुर्च्या जागेवर ठेवायला लागली. बायको म्हणते, तिचं तिला खेळू द्या, शिकवायला शाळा आहे. मला वाटतं, ही वर्षं गेली की परत येणार नाहीत. आमच्यापैकी कोणाचं बरोबर? – एक बाबा

प्रिय बाबा,

दमून घरी आल्यावर हाताशी उरलेला दीड तास मुलीला द्यायचा, हे तुम्ही ठरवलंत आणि पाळताही आहात. याचं मोल तुमच्या मुलीला आज ना उद्या नक्की कळेल. कोणाचं बरोबर याकडे मी येतेच, पण त्याआधी मला त्या बसमध्ये थोडं रेंगाळायचं आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती तीन-चार वाक्यांत संपवलीत.

साडेचार वर्षांच्या मुलीने खुर्च्यांची बस केली म्हणजे काय काय केलं? ही खुर्ची आहे हे तिला पक्कं माहीत आहे. तरीही ती बसमधली जागा आहे असं धरून ती बराच वेळ वागू शकते. एका वस्तूला दुसरीच्या जागी उभं करणं ही या वयातली फार मोठी झेप आहे. उद्या कागदावरच्या एका आकृतीला ती 'क' म्हणेल, किंवा ५ हे चिन्ह पाच वस्तूंच्या जागी वापरेल, तेव्हा ती हेच करत असेल. शिवाय तिने प्रत्येक खुर्चीवर एकेक प्रवासी बसवला असणार, प्रत्येकाला एकेक तिकीट दिलं असणार. अशी एकास एक जोडी लावता येणं हा मोजण्याचा पाया आहे. म्हणजे तुम्ही गणित विचारलंत तेव्हा ते तिथे आधीपासूनच चाललेलं होतं, फक्त त्याचा आवाज येत नव्हता. आणि कंडक्टर बोलतो तसं घरात कोणीच बोलत नाही. ते शब्द, तो सूर तिने बाहेर कुठेतरी ऐकला, लक्षात ठेवला आणि नेमक्या जागी वापरला.

याहूनही मोठी गोष्ट पुढे आहे. कंडक्टरला नियम असतात. खिडकीपाशी बसावंसं वाटलं तरी तिला बसता येत नाही, कारण कंडक्टर उभा असतो. आवडतं अस्वल असलं तरी त्याला रांग मोडून आधी चढवता येत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये खेळावर दिलेल्या व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता. कल्पनेच्या खेळात मूल अगदी मोकळं सुटलेलं दिसतं. प्रत्यक्षात ते त्या क्षणीच्या इच्छेला आवर घालून भूमिकेचे नियम पाळत असतं आणि त्यातच त्याला सगळ्यात जास्त आनंद मिळत असतो. एरवी 'दोन मिनिटं थांब' म्हटलं तरी जिला थांबवत नाही, ती कंडक्टर झाली की थांबते. म्हणून त्यांचं म्हणणं होतं, की खेळताना मूल आपल्या वयाच्या पुढे असतं.

आता त्या बसमध्ये तुमचा प्रश्न कुठून आला ते बघा. तो प्रवाशाचा नव्हता, ड्रायव्हरचाही नव्हता. तो बाबांचा होता, आणि बाबांना उत्तर आधीच माहीत होतं. बसमधल्या कोणालाच त्या उत्तराची गरज नव्हती. त्या एका प्रश्नाने तुमच्या मुलीची कंडक्टरकी गेली आणि ती परीक्षेला बसलेली विद्यार्थिनी झाली. मग बस बंद करण्यावाचून तिच्यापुढे दुसरा मार्ग काय होता? ती चिडली नाही, रडली नाही. खेळाच्याच भाषेत तिने तुम्हाला काय घडलं ते सांगितलं. मला तिचं फार कौतुक वाटतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आपण हात लावला नाही तर खेळाचा वेळ रिकामा जातो. दुसरी तिला चिकटूनच येते: प्रश्न विचारून उत्तर मिळालं तरच शिकणं झालं. दोन्ही जरा तपासून बघू.

मुलं 'खेळ' आणि 'काम' यांत फरक कशावरून करतात, हे नॅन्सी किंग या संशोधक बाईंनी १९७९ मध्ये बालवाडीतल्या मुलांनाच विचारलं होतं. शिक्षिकेने सांगितलेली गोष्ट मुलांच्या लेखी काम होती, मग ती कितीही मजेची असो. तीच गोष्ट आपणहून निवडली तर खेळ. म्हणजे ठोकळे हातात आहेत म्हणून मूल खेळतंय असं होत नाही. ते कोणाच्या मनाने चाललंय, यावर सगळं ठरतं. तुम्ही रंग विचारायला लागलात की ठोकळे तेच राहतात, खेळ मात्र संपतो.

दुसरा प्रयोग मला पालकांना नेहमी सांगावासा वाटतो. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी एक खेळणं बनवलं होतं. त्यात निरनिराळ्या करामती दडवलेल्या होत्या. एक नळी ओढली की आवाज यायचा, आणखी कुठे दुसरंच काही. काही मुलांना मोठ्या माणसाने मुद्दाम दाखवलं, 'बघ, हे असं वाजतं.' काहींसमोर ते जणू चुकून वाजलं. ज्यांना शिकवलं होतं ती मुलं तीच एक करामत पुन्हा पुन्हा करत बसली. बाकीच्यांनी खेळणं उलटसुलट करून आणखी कितीतरी गोष्टी शोधल्या. शिकवलेली मुलं मंद होती असं अजिबात नाही. त्यांनी अगदी योग्य तर्क केला: याला सगळं माहीत आहे आणि याने एवढंच दाखवलं, म्हणजे यात एवढंच आहे.

या प्रयोगाचा अर्थ 'शिकवू नका' असा नाही. जे दाखवलं ते त्या मुलांना चांगलंच आलं होतं. पण शिकवण्याची किंमत असते, आणि ती न शोधल्या गेलेल्या गोष्टींतून वसूल होते. म्हणून शिकवावं तेव्हा निवडून शिकवावं. जिन्यावर, ठोकळ्यांत, चित्रात, बसमध्ये, सगळीकडे शिकवलं तर शोधायला तिच्याकडे जागाच उरत नाही.

आता तुमच्या पत्नीचं म्हणणं. त्यांचं मन योग्य जागी आहे. तरी 'तिचं तिला खेळू द्या, बाकी शाळा बघेल' यात एक अडचण आहे. काही गोष्टी मुलांना कितीही मोकळं खेळू दिलं तरी आपणहून सापडत नाहीत. त्रिकोणाला त्रिकोण म्हणायचं आणि लांबुडका, कलंडलेला असला तरी तो त्रिकोणच, हे ठोकळे स्वतः सांगत नाहीत. केली फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना आकार शिकवण्याच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या: सरळ शिकवणं, नुसतं खेळू देणं, आणि मोठ्याने सोबत राहून मुलाला शोधायला मदत करणं. तिसरी पद्धत सरस ठरली. तिथे मोठा माणूस आधी मांडणी करतो, मध्ये एखादी गोष्ट पुढे सरकवतो, पण पुढे कुठे जायचं हे मूल ठरवतं. शब्दांचंही तसंच आहे. 'वर, खाली, कडेला, वाकडं, टोकदार, मधोमध' असे जागेचे आणि आकाराचे शब्द ज्या घरांत मुलांच्या कानावर जास्त पडतात, तिथली मुलं पुढे ते शब्द जास्त वापरतात आणि जागा-आकारांची कोडी अधिक चांगली सोडवतात, असं शॅनन प्रुडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०११ च्या अभ्यासात दिसलं. हे शब्द कोणीतरी बोलावेच लागतात.

तेव्हा शिकण्याची संधी शोधावी का, या प्रश्नाला माझं उत्तर 'हो, जरूर शोधा' असंच आहे. पण सापडलेली प्रत्येक संधी लगेच वापरायची नसते. बहुतेक वेळा ती बघून मनात ठेवायची असते. मुलगी कशात रमते, कुठे अडते, काय पुन्हा पुन्हा करते, हे तुम्हाला कळलं की उद्या तिच्या समोर काय ठेवायचं ते कळेल. मोठ्यांचं बरंचसं काम खेळाच्या आधी आणि नंतर असतं.

प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते.

घरी आल्यावर ती खेळत असेल तर आधी नुसते जवळ बसा. जमिनीवर, तिच्या उंचीला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पाच-सात मिनिटं काहीही विचारू नका. हे वाटतं तितकं सोपं नाही. प्रश्न ओठांवर येतीलच. ती पूर्ण बुडालेली असेल तर बोलूही नका. मारिया माँटेसरी यांनी एका साधारण तीन वर्षांच्या मुलीची हकीकत लिहून ठेवली आहे. लाकडी साच्यात लहानमोठे दट्टे बसवायचे आणि काढायचे, यात ती इतकी गढली होती की आजूबाजूला मुलं गाणी म्हणायला लागली, तिला खुर्चीसकट उचलून दुसरीकडे ठेवलं, तरी तिचं काम सुरूच. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केलं आणि मग आपणहून, समाधानाने थांबली. अशी एकाग्रता दिसली की आपण काहीच न करणं हीच मदत.

ती तुमच्याकडे बघेल, काही दाखवेल, 'बाबा, तू ये' म्हणेल, तेव्हा आत शिरा. पण कोणीतरी होऊन शिरा. बस असेल तर प्रवासी व्हा, आणि प्रवाशाची खरी अडचण घेऊन या: "माझ्याकडे दोन मोठ्या पिशव्या आहेत, त्या कुठे ठेवू?" "आम्ही तिघं आहोत, आम्हाला एकत्र बसायचंय." आता तिला जागा बघाव्या लागतील, कोणाला तरी सरकवावं लागेल, मोजावंही लागेल. गणित तेच आहे, फक्त आता ते बस चालण्यासाठी लागतं. "तिकिटावर काही लिहिलेलं नाही, मला कळणार कसं कुठे उतरायचं?" एवढ्यावर कदाचित ती कागद-पेन्सिल घेऊन बसेल. कदाचित म्हणेल, "या बसला तिकीट लागत नाही." मग नाही लागत. तिची बस आहे. तिथेच विषय सोडा, पुन्हा फिरून त्यावर येऊ नका.

प्रश्नांऐवजी वाक्यं बोलून बघा. "हा कोणता रंग?" याऐवजी "मला तो निळा लांब ठोकळा देतेस?" तिला रंगही मिळाला, आकारही मिळाला आणि परीक्षाही झाली नाही. ती 'निळा' ऐकून हिरवा देईल तर तुम्हालाही हवं ते कळलंच. मनोरा कोसळला तर "असं का झालं असेल?" हे जरूर म्हणा, मात्र तुम्हालाही खरंच प्रश्न पडला असेल तर. मुलांना खरा प्रश्न आणि तपासणीचा प्रश्न यांतला फरक आवाजावरून कळतो. बालवाडीत काम करताना हे मी वारंवार पाहिलं आहे.

आणि तुम्हाला शिकवायचं आहे ना, तर त्यासाठी वेगळा, उघड वेळ ठेवा. यात लपवण्यासारखं काही नाही. या वयाच्या मुलांना शिकवून घ्यायला आवडतंही. झोपण्यापूर्वी गोष्ट वाचताना अक्षरं दाखवा. आकड्यांच्या पटावर फासे टाकून सोंगटी पुढे नेण्याचा खेळ खेळा. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ मध्ये दाखवलं, की एक ते दहा आकडे सरळ ओळीत लिहिलेल्या पटावर, प्रत्येक घराचा आकडा मोठ्याने म्हणत मुलं खेळली, तर पंधरा-पंधरा मिनिटांच्या मोजक्या चार बैठकींतही त्यांची संख्यांची समज वाढते. असा पट घरी कागदावर आखता येतो. फक्त सोंगटी हलवताना तिने 'एक, दोन' असं नव्याने न मोजता, ज्या घरांवरून ती जाते ते आकडे म्हणायचे: तिसऱ्या घरावरून निघाली तर 'चार, पाच'. एवढी बारीक गोष्ट सांभाळा. हा खेळ तुम्ही सुचवलेला आहे, नियम ठरलेले आहेत, हे दोघांनाही माहीत असेल. म्हणून त्यात शिकवणं खुपत नाही.

आता तुमची भीती. ही वर्षं परत येणार नाहीत, हे खरं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूची घडण झपाट्याने होते हेही खरं. पण त्यातून 'एक संध्याकाळ हुकली तर ती संधी कायमची गेली' असं निघत नाही. मुलं एकच खेळ महिनोन्‌महिने खेळतात. बस उद्या पुन्हा निघेल, परवाही निघेल. आज न मोजलेले प्रवासी ती महिन्याभरात आपणहून मोजेल. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड लॅन्सी यांनी जगभरच्या नोंदी अभ्यासून दाखवलं आहे, की अनेक समाजांत आईवडील मुलांशी फारसे खेळतच नाहीत. मुलं इतर मुलांत खेळतात, मोठ्यांची कामं बघतात, त्यांत हळूहळू सामील होतात आणि आपल्या समाजात लागणारं सगळं शिकतात. प्रत्येक खेळातून शिक्षण काढलंच पाहिजे हे ओझं कोणत्याही आईबापाने वाहण्याची गरज नाही, तुम्ही तर नाहीच. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेत शिक्षणाची कलमं २८ आणि २९ आहेत. खेळ आहे ३१ व्या कलमात, विश्रांतीच्या शेजारी. ही मांडणी मला फार आवडते.

एखाद्या दिवशी इतके दमलेले असाल की जमिनीवर बसवणार नाही. त्या दिवशी खेळायला जाऊच नका. तिला तुमच्या कामात घ्या. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या लावणं, कोणाचे कपडे कोणाच्या ढिगात ते ठरवणं, हे साडेचार वर्षांच्या मुलीला खरं, मानाचं काम वाटतं. आणि गप्पा आपोआप होतात.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी दोन गोष्टी. मूल दीड-दोन वर्षांचं असेल तर प्रश्नांची घाई अजिबात नको. ते जिकडे बघतंय तिकडे बघा आणि त्याच गोष्टीबद्दल बोला, त्याच्या आवाजाला उत्तर द्या. मूल सात-आठ वर्षांचं असेल तर त्याला खेळाचे नियम स्वतः बनवू द्या आणि मित्रांशी होणाऱ्या भांडणांत लगेच पंच होऊन जाऊ नका. मात्र तीन वर्षं उलटून गेली तरी मूल खोटं-खोटं काही खेळतच नसेल, हाकेला वळत नसेल किंवा दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, तर 'खेळू दे, येईल आपोआप' म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ऐकू येण्याची तपासणी करून घ्या. तिथे वाट बघण्याने नुकसान होऊ शकतं.

शेवटी तो चांदण्यांचा तक्ता. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंग समोर ठेवले, तेव्हा हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढू लागलेली होती. ज्यांना बक्षीस अचानक, न सांगता मिळालं होतं त्यांची आवड कमी झाली नव्हती. तुमच्या मुलीलाही ठोकळे आणि चित्रं आधीपासून आवडत होतीच, तिथे चांदणीची गरज नव्हती.

तक्ता एकदम फाडून टाकू नका; तिला ती शिक्षा वाटेल. महिना संपला की नवीन लावू नका. तिने विचारलं तर खरं ते सांगा: "मला वाटलं, चांदण्यांशिवायही आपल्याला मजा येते." ती हट्ट करू लागली, तर उरलेल्या चांदण्यांचं पाकीट तिच्या हातात द्या आणि त्यांचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. हे दोघांनी आधी आपसांत बोलून घ्या, म्हणजे ती आईला विचारायला गेली तर तिथेही तेच उत्तर मिळेल.